चौथ्यांदा तापलेली मोटर

तेरच्या धरणात, ऐन मध्यावर थांबलेल्या बोटीत आम्ही दोघं, माशांच्या तीन पाट्या, वितळत आलेला बर्फ आणि आज चौथ्यांदा तापून बंद पडलेली मोटर होती. काठावर बाजाराचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. तो गेला तर सगळा माल नासणार होता.

"एवढं सायन्स शिकलीस, आता बघ की जरा," कोंडीराममामा म्हणाले.

"मामा, ही मोटर धरणाचंच पाणी ओढून गार राहते. ते पाणी मागून धारेनं बाहेर पडायला पाहिजे, इथं नुसते थेंब पडतायत. खालच्या जाळीत शेवाळ अडकलं असेल."

"शेवाळ? त्याची काय टाप हाय," मामा हसले. "विहिरीतल्या पाइपाला बांधतो तसं जाळीला फडकं बांधूनच आणलंय म्या. वर मोटर तापली की दर खेपेला बंदोबस्त वाढवतोय."

मी मोटर पाण्याबाहेर उचलली.


फडकी निघाली चार. ती सोडून मोटर परत पाण्यात टाकून चालू केल्यावर मागून पाण्याची धार पडली दोन हात लांब.