वरचं पाणी

शलाकाने टेस्ट ट्यूब उजेडासमोर धरली. सलाईनमध्ये थोडं रक्त घालून तिने त्यात डायलिसिसच्या नळीचा तुकडा बुडवून ठेवला होता. नळी चांगली असेल तर रक्त तळाशी बसतं आणि वरचं पाणी नितळ राहतं. हे पाणी जास्वंदीसारखं लाल झालं होतं. म्हणजे नळी रक्तपेशी फोडत होती. आणि याच मालातली नळी सकाळी तिच्या आईला लावली होती.

"सर, माल परत मागवा," ती कशीबशी म्हणाली.

प्रयोगशाळेच्या गद्रे सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुलनेसाठीची, तुकडा न टाकलेली ट्यूब कुठाय?"

ती बघायचं भीतीपोटी राहूनच गेलं होतं. शलाकाने ती उचलली. तीही तितकीच लाल.

"मग नळीचा काय दोष? रक्त घेताना घाई केलीस? त्यानेही पेशी फुटतात."

"नाही, सर." आईची नळी चांगली होती. शलाकाचा जीव भांड्यात पडला.

"मग रक्तच खराब आहे," सर वैतागले. "पेशी आपोआप फुटतायत. असल्या आजारी माणसाचं कशाला घ्यायचं? कोण होता?"

नेहमीचा रक्तदाता आज आला नव्हता. शलाकाने बाही खाली ओढली, कोपराच्या आतल्या बाजूच्या कापसाच्या बोळ्यावर.