कानातलं मशीन

इंदिरानगरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधी रणवीरने वडिलांच्या कानातलं मशीन काढून डबीत घातलं आणि डबी खिशात टाकली. मशीनशिवाय अप्पांना ऐकू येत नसे. त्यांची गाठ कॅन्सरची आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. सोबत आलेली बहीण सौम्या वैद्यकीय नीतिशास्त्रात एमए करत होती. रुग्णाच्या हक्कांवरचा निबंध तिने कालच दिला होता. आत बसताच तिने मशीनसाठी रणवीरपुढे हात केला. “अक्का, तुझं कॉलेज इथं नको,” रणवीर पुटपुटला. तिने डबीतून मशीन घेऊन अप्पांच्या कानात बसवलं. “डॉक्टर, त्यांनाच सांगा.” डॉक्टर म्हणाले, “कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा. ऑपरेशनने बहुतेक बरे व्हाल.” अप्पांनी सुस्कारा सोडला. “एवढंच? ह्यांचे चेहरे बघून वाटलं, महिनाच उरलाय. घशाखाली घास उतरत नव्हता.” मग रणवीरला म्हणाले, “मशीनची डबी दे इकडे. चल, आधी डोसा खाऊ.”