भाता ओढणारी

दिवा दहा हातांवर विझला. निंबाने दोर वर घेतला, वात पेटवली, दिवा पुन्हा खाली सोडला. दहा हातांवर पुन्हा अंधार.

कुंडीच्या, म्हणजे भुयारात उतरणाऱ्या अरुंद विहिरीच्या, तळाशी, तीस हात खाली, भिकन लोहार बसून होता. बुऱ्हाणपूरला पाणी देणाऱ्या भुयाराची जाळी बसवायला तो उतरला होता. वाकता यावं म्हणून त्याने कमरेचा दोर सोडला, आणि आता तो परत बांधायचं त्राण हातांत नव्हतं. हाक मारली की तो हुंकार देई. हुंकार बारीक होत चालला होता. त्याला आणायला गेलेला कडू अर्ध्या वाटेवरून भोवंडत परत आला होता.

उतरण्याआधी कुंडीला दिवा दाखवायची रीत भिकनने पाळली होती. हळदकुंकू वाहून दिवा काठावर ठेवला होता. त्या दिव्याला वर कडी कशासाठी, हे मात्र कुणाच्या बापाने विचारलं नव्हतं. आज भिकनच्या बायकोने, रंभाबाईने, कडीला दोर बांधला तेव्हा सगळ्यांना कळलं.

"कुंडी कोपली," कडू म्हणाला. "नारळ आना."

"कोपली नाही. खालचा प्राणवायू संपलाय," शाळेचे वामन मास्तर म्हणाले. "त्याच्यावाचून दिवा जळत नाही आणि माणूस जगत नाही." हे ते दरवर्षी पोरांकडून घोकून घेत. पुढे काय करायचं, ते मात्र त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

रंभाबाईला शब्द अर्धाच कळला. प्राण. तेवढा पुरला. भाता थांबला की भट्टीतला विस्तव असाच मान टाकतो, हे ती वीस वर्षं रोज बघत होती. भिकनच्या लेखी भाता ओढणं हे कामच नव्हतं. लोहार म्हणजे हातोडा, भाता काय कोणी बी ओढते, असं तो चारचौघांत सांगे. चारचौघं हसत. तीही हसे.

"घरून भाता आना," ती म्हणाली. "अन् मळ्यातल्या मोटा आना. सोंडा कापा त्यांच्या."

मोटेची सोंड म्हणजे पाणी ओतणारी लांब कातडी नळी. ती कापायची म्हटल्यावर चुडामण मळेवाला कळवळला. "नवी मोट हाय वं माझी."

"मोट पुन्हा शिवता येते."

चुडामणने मग आपल्याच हाताने सुरी चालवली.

सहा सोंडा एकीत एक घालून आवळल्या. एक टोक खाली सोडलं, दुसरं भात्याच्या तोंडाला बांधलं. रंभाबाईने पदर खोचला आणि ओढू लागली. निंबा मदतीला सरसावला, तशी तिने मान हलवली. त्याच्या हाताला जोर होता, ताल नव्हता.

दिवा परत सोडला. दहा हात. जळत होता. पंधरा हातांवर फडफडला, तिने दम वाढवला, तो सावरला. वीस. पंचवीस. मग निंबा ओरडला, "टेकला. जळू राहिला."

खालून हुंकार आला. नंतर खोकला. मग बऱ्याच वेळाने त्याच्या कमरेच्या दोराला दोन झटके बसले, आणि आठ जणांनी मिळून भिकनला वर घेतलं. त्याचे पाय काठाला लागेपर्यंत रंभाबाईचा हात थांबला नाही. खांद्यांचं पाणी पाणी झालं होतं. एवढा आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि तो लपवावा असंही तिला वाटलं नाही.

तेवढ्यात भुयाराच्या कामावर देखरेख करणारे ओव्हरसीअर साहेब घोड्यावरून आले. भाता पाहिला, सोंडा पाहिल्या, गर्दी पाहिली.

"लोहार कोण इथला?"

सगळ्यांची बोटं भिकनकडे वळली. त्याने ओठांना लावलेला लोटा खाली ठेवला आणि भात्याशी बसलेल्या बायकोकडे हात केला.

"हे," तो म्हणाला. "मी तं नुसता हातोडा मारतो, साहेब."