तिसरी दांडी

न्हाणीघरात यमिनाचा पाय घसरला आणि तिच्या मुलाने, नासिरने, दाराची आतली कडीच काढून टाकली. वर दर गुरुवारी आईला आंघोळ घालायचं काम बायकोवर, वर्दावर, सोपवलं. वर्दा सासूला मानाने 'लल्ला' म्हणायची, आणि खरखरीत हातमोज्याने तिची पाठ घासता घासता म्हणायची, "अगंबाई, किती सुकलात लल्ला! नुसती हाडं उरलीत." आणि संध्याकाळी तेच शेजारणीला रंगवून सांगायची.

शेवटी यमिनानेच नासिरला भिंतीला धरायच्या स्टीलच्या दांड्या आणायला सांगितल्या.

"यम्मा, तू? तू तर काठीलाही हात लावत नाहीस!"

"आली अक्कल. तीन आण. आणि मिस्त्री आला की मध्येमध्ये लुडबुडू नकोस. कुठली कुठे बसवायची, ते मी सांगेन त्याला."

पुढच्या गुरुवारी वर्दा साबण आणि हातमोजा घेऊन आली. तिने दार ढकललं, पण ते हलेना. आत यमिना भिंतीवरच्या दोन दांड्या धरून ताठ उभी होती, आणि तिसरी तिने दाराला आतून आडवा, सरकता अडसर म्हणून बसवून घेतली होती.

"लल्ला, उघडा की! सुनेपुढे कसली आलीय लाज?"

आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग यमिनाचा आवाज आला.

"लग्न ठरवायच्या आधी बायकांच्या हमामात मी तुला नखशिखान्त न्याहाळलं होतं, पण एकदाच! तुझे किती गुरुवार झाले? फिट्टंफाट झाली, जा आता."