काशीसाठी सोबत

गोजरबाईंची कबर सोडून दुसरी कुठलीही सांगा, असं हरिचंद्र म्हणाला. कबर खोदणारा हिरामण फावड्यावर हात ठेवून थांबला. अंबरनाथच्या ह्या ख्रिस्ती दफनभूमीत नवी जागा मिळायची कधीच बंद झाली होती. घरातल्याच कुणाची तरी जुनी कबर उघडायची आणि नव्या माणसाला तिच्यात ठेवायचं, असा नियम. हरिचंद्राच्या वडिलांची कबर मागच्याच वर्षी त्याच्या भावासाठी उघडली होती, ती आता इतक्यात उघडता येत नव्हती. राहता राहिली आईची, गोजरबाईंची.

आणि बायको, काशी, आज पहाटे गेली होती, साठी उलटता उलटता. खरवईच्या घरी तिला पांढरी साडी नेसवून पाहुणे पाळकसाहेबांची वाट बघत बसले होते.

गोजरबाई आणि काशी, सासू-सुनेनं एका घरात दोन शेगड्या मांडून संसार केला होता. मिठाच्या बरण्यासुद्धा दोन. शेवटच्या दुखण्यात गोजरबाईंनी पाणी मागितलं ते शेजारणीकडे, काशी उशाशी बसलेली असताना. इस्टरच्या आधी काशी सासूची कबर घासूनपुसून लख्ख करायची, त्यात कसूर नाही. पण परत निघताना दर वेळी नवऱ्याला बजावायची, मला कुठंही टाका, म्हातारीपाशी नको. हरिचंद्र हो म्हणायचा. बायकोला दिलेले बाकीचे शब्द कुठं कुठं गेले, त्याचा हिशेब त्यानं ठेवला नव्हता. हा एक तेवढा अजून मोडायचा राहिला होता.

त्याला रडू येत नव्हतं. उद्या एकच पिशवी टाक, असं दूधवाल्याला सांगायचं राहिलं, हेच डोक्यात घोळत होतं.

"आपलं आणखी कुणी आहे का रे इथं?" त्यानं पुतण्याला विचारलं.

पुतण्या उन्मेष. कॅम्प तीनला त्याचं जीन्स शिवायचं दुकान, पण रविवार सगळा दफनभूमीत. दगडांवरची नावं टिपायची, चर्चमधल्या दफनाच्या नोंदी चाळायच्या आणि घराण्याची वंशावळ जुळवायची. घरात त्याला मढ्यांचा तलाठी म्हणत. हे नावही काकीनंच ठेवलेलं. आज पहिल्यांदा कुणीतरी आपणहून त्याला विचारत होतं. चेहरा दुःखी ठेवायची खटपट करत त्यानं मोबाइल काढला आणि काकाला रांगांमधून फिरवू लागला.

दगडांवरून नात्यातली माणसं सापडत गेली. एक चुलत आत्या निघाली, पण तिच्यावर सासरच्यांचा हक्क. आजोबांचा एक भाऊ निघाला. तो पिऊन बायकोला मारायचा, असं ऐकिवात होतं. हरिचंद्रानं मान हलवली. लग्नाच्या स्थळाची कुणी एवढी चौकशी करत नसेल.

भिंतीलगत गुडघ्याएवढा एक दगड होता. उन्मेषनं खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढून आडवा घासला, तशी अक्षरं उमटली. सगुणाबाई, बाळाजी शिरसाठ यांची पत्नी. वय वर्षे एकोणीस.

बाळाजी म्हणजे हरिचंद्राचे आजोबा. पण त्याची आजी तर यमुनाबाई, आणि आजी-आजोबा दोघंही नगरकडे गावी पुरलेले.

"ही त्यांची पहिली," उन्मेष म्हणाला. "नोंदीतही आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तापानं गेली. मी घरी सांगितलेलं, कुणी कानावर घेतलं नाही."

तिची कबर उघडणं हिरामणला पटेना. दफनभूमीच्या कमिटीला उत्तर त्याला द्यावं लागणार होतं. "तुमची कशी काय होते ती, दादा? ना मूल, ना बाळ. तिचं रक्त कुठं आलं तुमच्यात?"

हरिचंद्र खडूच्या अक्षरांकडे बघत राहिला.

"रक्त काशीचं तरी कुठं होतं," तो म्हणाला. "नांदायला आलेल्या ना दोघी."

हिरामणनं कमिटीला फोन लावला. उन्मेषनं नोंदीचा फोटो पाठवला. थोडी कुरकुर झाली, मग होकार आला, आणि हिरामण भिंतीकडे खणायला लागला.

दिवस कलायला सगळे जमले. प्रार्थना झाली, गीत झालं. ही कबर कुणाची, अशी बायकांत कुजबुज सुरू झाली. नातं कळल्यावर एक जाऊबाई पदराआडून म्हणाली, सासू चुकवली नि आजेसासू गाठली हिनं. दोघी-तिघींनी ओठ दाबले.

एकेक जण मूठभर माती टाकून बाजूला होत होता. हरिचंद्राची पाळी आली तेव्हा तो कडेला उकिडवा बसला आणि माती हातात धरून तसाच राहिला. मागं रांग खोळंबली. उन्मेषनं खांद्याला हात लावला.

"काशे," हरिचंद्र खाली वाकून म्हणाला, "पोर लहान आहे. सांभाळून घे."