दुसरी सही

कृष्णनाथने स्वतःहून टॅक्सी ठरवली, तेव्हाच जानकीच्या मनात पाल चुकचुकली. पार्शाहून पेडण्याला बस जाते, आणि हा माणूस एरवी तिकीट वाचावं म्हणून एक थांबा अलीकडे उतरून चालत घरी येणारा. आज मात्र इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल आणि वहिनीला सोबत हवी म्हणून आपली बायको सुमनही बरोबर. जानकीचा नवरा, हवालदार शिवदास गावस, जाऊन तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत दिराने एकदा उंबरा ओलांडून विचारपूस केली नव्हती.

सैनिक बोर्डाने तिचा पेन्शनचा अर्ज परत पाठवला होता. लग्नाचा दाखला जोडा म्हणून. दाखला मिळायचा तो या नोंदणी कचेरीत.

कारकुनाने फॉर्म पुढे ओढला, त्यावरच्या ‘गोवा, दमण व दीव’मधलं दमण आणि दीव सवयीने खोडलं आणि एकाहत्तर सालचं रजिस्टर काढलं. ओळीवरून फिरणारं त्याचं बोट एका जागी थांबलं. त्याने चष्म्यावरून जानकीकडे पाहिलं.

"बाय, तुमचें लग्न खंय जाल्लें?"

"घराकडे. पार्शात. सगळो गाव जेवलो."

"गाव जेवलो आसतलो. कागदार लग्न जावंक ना."

मग त्याने समजावून सांगितलं. गोव्यात लग्नाला दोनदा सही लागते. पहिली सही झाली की नोटीस भिंतीवर लागते, आणि पंधरा दिवसांनी दोघांनी पुन्हा येऊन दुसरी सही करायची. तिच्या नावापुढे पहिली होती. दुसरीची जागा कोरी होती.

जानकीला आठवली ती तार. लग्नाला दहा दिवस झाले नव्हते, तोच शिवदासची रजा रद्द झाली आणि पुढच्या महिन्यात लढाई सुरू झाली. फेब्रुवारीत तो हाडं मोजून घ्यावीत इतका वाळून परतला. तेव्हा कसली सही आणि कसलं काय! पण नंतर? त्यानंतर अठरा वर्षं होती. घोंगडीची घडी कोपऱ्याला कोपरा लावल्याशिवाय न घालणारा माणूस. तो विसरला, की त्याने विसरू दिलं? मेलेल्या नवऱ्याबद्दल असं मनात आणल्याची तिला लाज वाटली. तरी ते मनातून जाईना.

"माका ठावक होता," कृष्णनाथ म्हणाला. "दादान दुसरी सय केल्यानच नाय."

ठाऊक होतं? मग अख्ख्या वाटेत टॅक्सीत तोंडातून शब्द का नाही काढला?

"आता काय करूचा?" तिने कारकुनाला विचारलं.

"मांडवांत हाजीर आशिल्ल्या, घोवाच्या घरच्या मनशाचो जबाब जाय. मागीर फायल वयर धाडूं येता."

"साक्षीक मी आसंय मा," कृष्णनाथने फाइल उघडली. आत स्टॅम्पपेपर होता, टाइप केलेला, तारखेसकट. शिवदासच्या वाट्याची काजूची बाग आणि घराचा अर्धा भाग, सगळं दिराच्या नावे. "ह्याच्यार सय करा, वयनी. मी हयच जबाब दितंय. पेन्शन तुमका, बाग माका. तुमका मूलबाळ नाय, बाग घेवन काय करतल्यात? आणि सय नाय केल्यात तर..." त्याने कोऱ्या जागेकडे नुसतं पाहिलं.

पाल उगाच चुकचुकली नव्हती. पण खरी ठरून तरी काय उपयोग? पेन्शन नाही तर भावाच्या दारात जाऊन बसायचं, वहिनीच्या हातचं मोजून मिळालेलं खायचं. आणि बाग शिवदासने एकेक कलम लावून उभी केलेली. जानकीने पेन हातात घेतलं. तिला रडू येत होतं आणि या माणसासमोर रडायचं नव्हतं.

कारकून नोंदीचा नंबर उतरून घेत होता. त्याने पान उलटलं आणि परत थांबला.

"हें कोणाचें? तोच दीस, फुडलो नंबर. कृष्णनाथ गावस. हांगाय दुसरी सय ना."

सासऱ्यांनी दोन्ही मुलांची लग्नं एकाच मांडवात लावली होती, एकाच खर्चात. दोन्ही सुनांना एकाच दिवशी इथे आणून ‘हय सय कर’ म्हणून बोट दाखवलं होतं. आणखी एकदा यायचं असतं हे त्या दोघींना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. शिवदासला तार तरी आली होती. कृष्णनाथ मात्र गेली अठरा वर्षं याच रस्त्याने बाजाराला जात होता.

"रवान गेला," तो हसला. "कामाच्या गडबडीत..."

बाकावरून सुमन उठली. तीन मुलांची आई. सकाळपासून तिने पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. तिने जानकीच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि कारकुनासमोर ठेवलं.

"माजो जबाब घेवा. मी हिच्या बाजूच्याच पाटार बसललंय."

कारकुनाने कोरा कागद पुढे घेतला. सुमनने नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि नवऱ्याचं नाव सांगायची वेळ आली तेव्हा ती त्याच्याकडे वळली.

"वयनीची दुसरी सय रवली, ह्या तुमका ठावक होता," ती म्हणाली. "मगे माजी रवली, ता ठावक नव्हता?"