बाजूची सीट

सीट वीतभर मागे सरकलेली होती.

ती आत बसली आणि पाय पुढे टेकेचनात. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई ती. अंतर मोजायला तिला टेप लागत नसे. दहा महिन्यांपूर्वी, लग्नाच्या दिवशी, हीच सीट तिने स्वतः पुढे ओढून घेतली होती. त्यानंतर या गाडीत ती बसली नव्हती. बसणार कशी? त्या दिवशी अर्ध्या तासात मळमळून आलं, आणि धरायला धावलेल्या नवऱ्याच्या नव्याकोऱ्या बुटांवरच ती ओकली होती. सासरची मंडळी अजून हसतात.

मग सीट मागे सरकवली कोणी? लांब पायांच्या कोणीतरी. आणि लांब पाय तिला एकीचेच माहीत होते. पहिलीचे. चार वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन गेलेली ती उंच, देखणी बया अल्बमच्या तळाशी अजून जपून ठेवलेली होती.

"निघायचं?" नवऱ्याने विचारलं.

"तुमची मर्जी," ती म्हणाली आणि सीट खाडकन पुढे ओढली.

तो शाळेची बस चालवायचा. बोलणं कमी, आरशात बघणं जास्त. नवा रस्ता मिळाला की आधी रिकामी बस नेऊन खड्डे न् वळणं बघून यायचा, मगच पोरं बसवायचा. "मला बघायला येण्याआधीही रिकामी फेरी मारली होती का हो?" असं ती चिडवायची, आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. पण गेले तीन रविवार चिडवाचिडवी बंद होती. तिन्ही रविवारी तो "जरा काम आहे" म्हणून सकाळीच गाडी काढायचा. संध्याकाळी बुटांतून वाळू पडायची. ती वाळू तिने तिन्ही वेळा मुकाट्याने झाडली होती.

आणि आज म्हणे, चल, तुला समुद्र दाखवतो. कॅलेंडर सोडलं तर तिने समुद्र पाहिलेला नव्हता. एरवी नाचली असती. आज तिने मनाशी पक्कं केलं होतं: काय ते त्या गावात कळेलच. कळलं, की दुपारची बस धरायची आणि थेट आईचं घर गाठायचं. पर्समध्ये तिकिटापुरते पैसे होते, आणि खबरदारी म्हणून घडी घातलेली एक प्लॅस्टिकची पिशवी.

गाडी डोंगर उतरू लागली. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल खाली निळं पाणी, त्यावर बटणं सांडावीत तशा होड्या. कोणीही "अहाहा" म्हणालं असतं. ती म्हणाली नाही. पहिलीने म्हटलं असेल, एवढंच तिला वाटलं.

एका वळणाआधी त्याने घड्याळ बघितलं आणि गाडी बाजूला घेतली. "उतर जरा. इथून छान दिसतं."

"तुम्हाला बरं ठाऊक?"

तो परत गाडीत बसला. पुढे पुन्हा थांबला. मग पुन्हा. दर खेपेला नेमकी सावली, नेमका बसायला दगड, नेमका वारा. एवढं सगळं कोणासाठी शोधलं होतं बाबा? विचारायचं शंभरदा ओठांवर आलं.

चौथा थांबा एका चहाच्या टपरीपाशी होता. टपरीवाला लांबूनच ओरडला, "आलात का पुन्हा! तोच बाक ना?"

नवरा कानापर्यंत लाल झाला. तिने चहा घेतलाच नाही. त्याने पुढे केलेली आल्याची वडी मात्र चघळली, तीही कडाकडा, कोणाचं तरी हाड चावावं तशी.

गाव कसलं, किनाऱ्याला चिकटलेली वीसेक घरं. तिला उतरवून तो गाडीचं तोंड परतीच्या दिशेला करायला गेला. त्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वाळूत एक म्हातारी फाटलेलं जाळं सांधत बसली होती. हीच वेळ होती. ती तरातरा गेली.

"मावशी, त्या गाडीवाल्याला ओळखता?"

"न ओळखायला काय झालं? तीन रविवार येतोय."

"आणि सोबत? उंच बाई होती ना?" तिने विचारून टाकलं.

म्हातारीचे हात थांबले. "बाई? कुठली बाई? एकटा जीव. टपरीवाला सांगतो, दर वळणावर गाडी थांबवतो, उतरतो आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसतो. गुडघे पोटाशी येतात म्हणून ती मागे सरकवतो आणि डोळे मिटून घेतो. आम्ही म्हटलं, डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. शेवटी मीच विचारलं, बाबा, हे काय रे? तर म्हणाला, मावशी, बायकोला गाडी लागते. किती वळणांनी तिला मळमळेल, ते बघतोय."

ती उभीच राहिली. पाण्याकडे बघायचंही तिला सुचेना. मागून नवऱ्याच्या चपला वाळूत रुतत येत होत्या. बूट त्याने आज घातलेच नव्हते.

"फार त्रास नाही ना झाला?" त्याने भीतभीत विचारलं.

तिने पर्स उघडली. पिशवीची घडी मोडलेली नव्हती.